जुनी जार नव्या फोनवर: उघडत नाही, बटण घेत नाही, भरती उलटी दाखवते

१ जूनला मासेमारी बंद होते, नौका वर ओढून शाकारल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. हर्णैपासून मालवणपर्यंत मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: जुन्या बटणांच्या नोकियात भरतीचं किंवा लिलावाच्या हिशेबाचं अ‍ॅप आहे (त्याची फाइल म्हणजेच जार), ते नव्या अँड्रॉइडवर घेता येईल का?

येतं. "दादा, जार पडली पण उघडत नाय" ही तक्रार त्यातल्या त्यात सोपी. खरी पंचाईत होते ती अ‍ॅप सुरळीत उघडतं पण हिशेब कोरा निघतो तेव्हा, किंवा ओहोटीच्या वेळेला भरती दाखवतं तेव्हा. म्हणून सुरुवात नोंदींपासून. जार काय, पुन्हा मिळू शकते.

जुन्या फोनवरचं अ‍ॅप आधी पुसू नका

नोंदी जारमध्ये नसतात. जावा एमईचं, म्हणजे जुन्या फोनांसाठीच्या जावाचं, अ‍ॅप आपला डेटा आरएमएस नावाच्या फोनच्या आतल्या साठ्यात ठेवतं. जार ब्लूटूथने पाठवा नाहीतर कार्डावर कॉपी करा, तिच्याबरोबर एक ओळसुद्धा येत नाही. अ‍ॅप डिलीट केलं की आरएमएसही जातो, आणि तीच जार परत टाकली तरी वही कोरीच उघडते.

जुन्या फोनवर तेच अ‍ॅप पुन्हा टाकायची वेळ आली तर आधीचं न काढता वरूनच टाका. फोन अ‍ॅपला दोन गोष्टींवरून ओळखतो: मॅनिफेस्टमधलं, म्हणजे जारच्या आतल्या माहितीच्या फाइलमधलं, मिडलेट-नेम (अ‍ॅपचं नाव) आणि मिडलेट-व्हेंडर (बनवणारा). दोन्ही अक्षरन् अक्षर जुळली तर फोन "अपडेट करायचं का, जुना डेटा ठेवायचा का" असं विचारतो. तिथे "हो" म्हणा. व्हेंडरच्या नावात एक मोकळी जागा जरी जास्त पडली तरी फोनच्या लेखी ते दुसरं अ‍ॅप. ते वेगळं बसतं आणि जुन्या नोंदी त्याला दिसत नाहीत.

नोंदी बाहेर काढायचे मार्ग मोजकेच. अ‍ॅपच्या मेन्यूत एक्स्पोर्ट, बॅकअप किंवा ब्लूटूथने पाठवा असं काही असेल तर तोच पहिला मार्ग. एक्स्पोर्ट केलेली फाइल बहुतेक मेमरी कार्डावर साधा मजकूर म्हणून पडते. असं काही नसेल तर पडद्याचे फोटो काढा, एका पानाला एक, आणि नव्या अ‍ॅपमध्ये हाताने भरा. चारशे नोंदींसाठी हे कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं आहे.

एस६० तिसऱ्या आवृत्तीचे फोन (नोकियाचे सिम्बियन प्रणालीवरचे, एन७३, ई६३ वगैरे) थोडे उदार आहेत. अ‍ॅप मेमरी कार्डावर बसवलेलं असेल तर फोन बंद करून कार्ड काढा आणि कार्ड रीडरने संगणकाला लावा. "प्रायव्हेट" फोल्डरच्या आत १०२०३३ई६ आणि त्यात मिडलेट्स असं फोल्डर दिसेल. फोनवरून तिथे जाता येत नाही, सिम्बियनची सुरक्षा अडवते, पण कार्ड रीडरला ती लागू नाही. ते आख्खं फोल्डर उचलून ठेवा. जार सापडते ती तिथेच. मात्र सिम्बियनची आरएमएस फाइल अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये (जुन्या फोनची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपमध्ये) तशीच टाकून चालणार नाही, दोघांची मांडणी वेगळी आहे.

हे सगळं करायला जुना फोन तास-दीड तास चालू राहायला हवा. खाऱ्या हवेत पडून राहिलेली बीएल-५सी बॅटरी फुगलेली असेल (टेबलावर ठेवून बोटाने फिरवली तर भोवऱ्यासारखी फिरते), तर ती चार्ज करू नका, दुसरी आणा. बॅटरी काढल्यावर या फोनांचं घड्याळ बहुधा मागे जातं. आधी तारीख-वेळ लावा, मगच अ‍ॅप उघडा, नाहीतर नव्या नोंदी कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसतात.

जार बसतच नाही

जुन्या फोनवर इन्स्टॉल फसलं की कधीकधी तीन आकडी कोड दिसतो. तो दिसला तर नशीब, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

९०१ म्हणजे जागा अपुरी. नोकियाच्या सिरीज ४० या साध्या फोनांच्या पहिल्या पिढीत जारची कमाल मर्यादाच ६४ केबी होती, म्हणजे फोन रिकामा असला तरी १०० केबीची जार बसणार नाही. ९०८ म्हणजे अ‍ॅपला लागणारी एमआयडीपी किंवा सीएलडीसी (जावा एमईचे पायाभूत भाग) या फोनात नाही. यावर जुन्या फोनमध्ये इलाज नाही, सरळ एम्युलेटरकडे वळा. ९०९ आणि ९१० सहीशी संबंधित आहेत.

९०४ म्हणजे जॅडमध्ये लिहिलेला आकार आणि जारचा खरा आकार यांत फरक. जॅड ही जारसोबत येणारी, तिची माहिती सांगणारी साधी मजकूर फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. मिडलेट-जार-साइझ या ओळीत जारचा आकार अचूक बाइटमध्ये हवा. प्रॉपर्टीजमध्ये "साइझ" आणि "साइझ ऑन डिस्क" असे दोन आकडे असतात, त्यांतला पहिला घ्यायचा. जारमध्ये काहीही बदललं की हा आकडाही बदलावा लागतो. जारवर सही असेल तर बदलानंतर ती मोडते, तेव्हा जॅडमधल्या मिडलेट-जार-आरएसए-एसएचए१ आणि मिडलेट-सर्टिफिकेट या ओळी काढून टाका. अ‍ॅप विनासहीचं म्हणून बसेल आणि परवानग्या जास्त वेळा मागेल, एवढंच. या सगळ्याचा कंटाळा आला तर जॅड बाजूला ठेवून नुसती जार टाकून बघा, अनेक फोनांना तेवढी पुरते.

९०७, म्हणजे जार अवैध, याची कारणं जास्त. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हास्यास्पद आहे: ती जारच नसते. डाउनलोड करताना जारऐवजी एखादं वेबपान उतरतं आणि त्याला जारचं नाव मिळतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खरी जार ही झिप असते आणि तिची पहिली दोन रोमन अक्षरं पी आणि के असतात. तिथे कोनी कंस आणि वाचता येणारा मजकूर दिसला तर फाइल फेकून द्या. उलट, पाठवापाठवीत जारचं शेपूट बदलून झिप झालेलं असेल तर नुसतं नाव बदला, आत काही बिघडलेलं नसतं.

दुसरं कारण म्हणजे कुणीतरी जार उलगडून पुन्हा बांधलेली असते. उलगडलेलं फोल्डर आख्खंच झिप केलं की आत एक पायरी वाढते आणि मेटा-आयएनएफ फोल्डर मुळाशी राहत नाही. फोन ते मुळाशीच शोधतो. शिवाय झिपची पद्धत डिफ्लेट किंवा न दाबता ठेवलेली, म्हणजे स्टोअर, एवढीच हवी. एलझेडएमए किंवा डिफ्लेट६४ जुन्या फोनला कळत नाही. म्हणून जार उलगडूच नका. सेव्हन-झिपमध्ये उघडा, आतल्या आत मॅनिफेस्ट एडिट करा, सेव्ह करा.

मॅनिफेस्टचे आपले नखरे आहेत. एका ओळीत कमाल ७२ बाइट. ओळ त्याहून लांब झाली तर पुढच्या ओळीची सुरुवात एका मोकळ्या जागेने करायची. फाइलच्या शेवटी एंटर दाबलेला हवा, नाहीतर शेवटची ओळ वाचलीच जात नाही, आणि नेमकी तीच मिडलेट-१ ची असते. मिडलेट-१ मध्ये स्वल्पविरामांनी तोडलेल्या तीन गोष्टी असतात: दिसणारं नाव, आयकॉन आणि सुरू करायचा क्लास. क्लासच्या नावात लहान-मोठी लिपी चुकली तर अ‍ॅप बसतं, पण उघडताक्षणी बंद होतं.

सोर्स कोड हाताशी असून नव्याने कंपाइल करणाऱ्यांसाठी एवढंच: जेडीके ८ किंवा त्याआधीची वापरा, टार्गेट १.३ ठेवा आणि नंतर प्रोगार्ड मायक्रोएडिशन पर्यायासह चालवा. जेडीके ९ पासून १.३ चं टार्गेट मिळत नाही. प्रीव्हेरिफाय न केलेले क्लास जुना फोन घेत नाही.

अँड्रॉइडवर चढवताना

जारचं एपीके, म्हणजे अँड्रॉइडची अ‍ॅप फाइल, करून देणाऱ्या साइट्स टाळा. त्या आत जुनाट एम्युलेटर भरतात आणि एसएमएस, संपर्क अशा परवानग्या मागतात. भरती बघायला संपर्क कशाला हवेत? जे-टू-एमई लोडर हे मुक्त स्रोत एम्युलेटर अ‍ॅप घ्या. ते जार स्वतःच अँड्रॉइडच्या डेक्स स्वरूपात बदलतं, वेगळं एपीके लागत नाही. यादीतल्या नावावर बोट दाबून धरलं की होम स्क्रीनवर शॉर्टकट करता येतो, घरच्यांसाठी तेवढं पुरतं.

पहिल्यांदा उघडताना सेटिंग्ज येतात. पडद्याचा आकार मूळ फोनचाच द्या: जुन्या एस६० साठी १७६ × २०८, नंतरच्या बहुतेक नोकियांसाठी २४० × ३२०, एस६० पाचव्या आवृत्तीसाठी ३६० × ६४०. अ‍ॅपने आकार गृहीत धरलेला असेल आणि तुम्ही मोठा दिला, तर चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यात आक्रसून बसतं. लहान दिला तर खालची मेन्यूची ओळ कापली जाते आणि "पर्याय" कुठे गेलं ते कळत नाही. दिसायला मोठं हवं असेल तर आकार तोच ठेवून स्केलिंग वाढवा.

बटण घेत नाही ही तक्रार जवळजवळ नेहमी सॉफ्ट बटणांची असते. नोकियात डावं सॉफ्ट बटण −६, उजवं −७, मधलं −५. मोटोरोलात डावं −२१, उजवं −२२. सिमेन्समध्ये डावं −१ आणि उजवं −४, आणि गोंधळ असा की हेच −१ नोकियात "वर" असतं. अ‍ॅप सिमेन्ससाठी बांधलेलं असेल तर नोकियाच्या मांडणीत "वर" दाबल्यावर मेन्यू उघडतो. असं काही विचित्र झालं की जार कुठल्या फोनसाठी होती ते बघा आणि की मॅपिंगमध्ये कोड बदला. त्याच अ‍ॅपची नोकियाची जार मिळाली तर ती घ्या, डोकेदुखी वाचते.

उघडल्यावर "जोडत आहे" वर अडकून राहत असेल तर मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून पुन्हा उघडा. ज्या सर्व्हरला ते हाक मारतंय तो केव्हाच बंद पडलेला असतो. नेट नसलं की अ‍ॅप लगेच हार मानतं आणि ऑफलाइन मेन्यू दाखवतं. जुन्या हँडसेटवर एचटीटीपीएस न जुळण्याचं कारण निराळं आहे: त्यांच्याकडे जुनं टीएलएस (सुरक्षित जोडणीची पद्धत) आणि मुदत संपलेली मूळ प्रमाणपत्रं असतात, आजचे सर्व्हर त्यांना दारातूनच परत पाठवतात.

आणि बाहेर पडताना अ‍ॅपच्या मेन्यूतलं "बाहेर" वापरा. पुष्कळ जुनी अ‍ॅप्स नोंदी बाहेर पडतानाच आरएमएसमध्ये लिहितात. अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून बोटाने उडवलं की लिहायला वेळच मिळत नाही आणि सकाळच्या लिलावाचा हिशेब हवेत.

मराठी अक्षरं

तीन वेगळी दुखणी आहेत, दिसायला वेगळी आणि इलाजालाही. नुसते चौकोन दिसत असतील तर त्या फोनात देवनागरी फाँटच नाही. जुन्या फोनवर काही करता येत नाही, अँड्रॉइडवर हा प्रश्न येत नाही.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं गोल किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर यूटीएफ-८ आहे पण वाचला जातोय आयएसओ-८८५९-१ म्हणून. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते, त्यांतले पहिले दोन जवळपास कायम तेच असतात, म्हणून ती जोडी. लोडरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम प्रॉपर्टीजचा चौकोन आहे. तिथे मायक्रोएडिशन.एनकोडिंग या ओळीपुढे यूटीएफ-८ लिहा आणि अ‍ॅप बंद करून परत उघडा.

तिसरं: "कि" लिहिताना क वेगळा आणि ऱ्हस्व वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली. अ‍ॅप एकेक अक्षर सुटं रंगवतंय, जोडाक्षर जुळवायला अँड्रॉइडला संधीच मिळत नाही. कोड बदलल्याशिवाय हे सुटत नाही. वाचता येत असेल तर चालवून घ्या.

भरती उलटी दाखवते

हे दुखणं सगळ्यात धोक्याचं, कारण अ‍ॅप एरवी ठणठणीत दिसतं.

कारण साडेपाच तासांचं आहे. अनेक जुने हँडसेट जावा अ‍ॅपला स्थानिक वेळेऐवजी जीएमटी द्यायचे. अ‍ॅप लिहिणाऱ्याने त्यावर तोडगा म्हणून कोडमध्येच ५ तास ३० मिनिटं मिळवून ठेवली. अँड्रॉइड मात्र वेळ भारतीय वेळेतच देतो, आणि अ‍ॅप त्यात पुन्हा साडेपाच तास घालतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास. साडेपाच तासांची चूक त्याच्या फार जवळ जाते. त्यामुळे वेळा थोड्या पुढेमागे न होता भरती-ओहोटीची जवळजवळ अदलाबदल होते. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा ओलांडायचा असेल तर याचा अर्थ सांगायला नको.

ओळखायची सोपी खूण: संध्याकाळी साडेसहानंतर अ‍ॅप उघडा. "आज" म्हणून उद्याची तारीख दाखवत असेल तर साडेपाच तास दुप्पट मिळवले जातायत. उलट पहाटे साडेपाचच्या आत कालची तारीख दाखवत असेल तर ते मिळवलेलेच नाहीत.

दुसरी पडताळणी किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेली: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर ४ च्या पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. हा ठोकताळा मुंबईकडचा, दक्षिणेकडे येताना भरती थोडी आधी लागते. मिनिटांसाठी तो नाहीच, पण चतुर्थीला अ‍ॅप साडेआठची भरती सांगत असेल तर तेवढ्यावरून चोर सापडतो. त्या दिवशी सव्वानवाच्या आसपास ओहोटी असते.

दुरुस्ती तीन प्रकारे होते. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जीएमटीचा फरक विचारला असेल तर तिथे ० टाका. नसेल तर मॅनिफेस्ट उघडून बघा, काही अ‍ॅप्स हा फरक तिथल्या एखाद्या स्वतंत्र ओळीतून वाचतात. तेही नसेल तर संगणकावर फ्रीजेटूएमई हा एम्युलेटर चालवा आणि जावा सुरू करताना यूजर.टाइमझोन ही प्रॉपर्टी जीएमटी द्या, म्हणजे वेळ तेवढ्या अ‍ॅपपुरतीच बदलते. अँड्रॉइडवरच हवं असेल तर एखादा जुना अँड्रॉइड याच कामाला ठेवा, त्यात स्वयंचलित टाइमझोन बंद करून जीएमटी लावा. त्याचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, पाठीवर पट्टी चिकटवून तसं लिहून ठेवा. रोजच्या फोनवर हा खेळ करू नका, गजरापासून सगळं बिघडतं.

वेळ दुरुस्त होऊनही आकडे जुळत नसतील तर बंदर तपासा. मुंबईकडून दक्षिणेला येताना चढउतार कमी होत जातो, म्हणून मुंबईची उंची रत्नागिरीला लावली तर पाणी उगाचच जास्त दिसतं. आणि पान एकदम कोरं येत असेल तर कोष्टक संपलेलं आहे. सीएलडीसी १.० मध्ये दशांश गणितच नव्हतं, त्यामुळे त्या काळातली बरीच अ‍ॅप्स भरती मोजत नव्हती, वर्षावर्षांची कोष्टकं आत भरून आणत होती. त्या वर्षांपुढे काही नाही. नौका बाहेर काढायची ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावर आणि इन्कॉइस या राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राच्या इशाऱ्यांवर. जुन्या जारवर नाही.

हिशेबाचे आकडे शंभरपट

एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये पापलेटच्या टोपलीचा भाव ४५० ऐवजी ४५००० दिसला तर घाबरू नका. दशांश नसल्यामुळे ही अ‍ॅप्स रक्कम पैशांत साठवतात. १०० ने भागा.

याच कारणाने एक जुनी खोड अजून दिसते. ३२ बिटांच्या पूर्णांकात कमाल २१४७४८३६४७ मावतात, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. एकूण बेरीज त्याच्या वर गेली की ती उणे होते. मोठ्या ट्रॉलरचा किंवा आंब्याच्या बागायतदाराचा काही वर्षांचा हिशेब एकत्र असेल तर हे घडतं. सुट्या नोंदी बरोबर असतात, फक्त बेरीज चुकते. दर हंगामाला वेगळी वही उघडा. एम्युलेटर बदलून उपयोग नाही, मूळ फोनवरही असंच झालं असतं.

सिसवाले, आणि जिओफोनवाले

जिओफोनमध्ये कायओएस आहे, त्यात जार बसत नाही. नोकिया १०५ सारख्या सिरीज ३०+ फोनातही जावा नाही. फाइलचं नाव बदलून काही होत नाही.

सिस फाइल (सिम्बियनच्या स्वतःच्या अ‍ॅपची) असेल तर आधी पिढी बघा. एस६० दुसऱ्या आवृत्तीची (६६००, एन७०) सिस तिसऱ्या आवृत्तीवर बसत नाही, सिम्बियन ९.१ ला आतली मांडणीच बदलली. अँड्रॉइडवर ईकेए२एल१ एम्युलेटर दोन्ही चालवतो, पण त्याला खऱ्या फोनचं फर्मवेअर द्यावं लागतं. खऱ्या एस६० फोनवर "प्रमाणपत्राची मुदत संपली" आलं, तर अ‍ॅप मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन "सर्व" करा, ऑनलाइन प्रमाणपत्र तपासणी बंद करा आणि फोनची तारीख सिस बनली त्या सुमाराला, समजा २००९ ला, मागे न्या. बसल्यावर अ‍ॅप न उघडता आधी तारीख आजची करा. हिशेबाचं अ‍ॅप असेल तर पहिली नोंद २००९ ची पडते आणि यादीत ती कायम तळाशी लपून राहते.